बाईंचा पहिला रविवार

जुन्या कपड्यांच्या दुकानात जायचं म्हणून मी होते तशीच निघाले होते. अंगात घरातला सुती ड्रेस, केसांना क्लिप, पायात मागच्या अंगणातल्या चपला. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, हातातली छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या कपड्यात मी तुला नेणार न्हाई."

"बाई, जुने कपडेच तर घ्यायचेत."

"म्हणूनच म्हणायले. ते कपडेबी बघतेत आपल्याकडं. कुणाच्या अंगावर जायचंय, ते दिसू दे की त्यायला."

मला वाटलं, चेष्टा करायल्यात. पण बाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. शेवटी मी खोलीत जाऊन पेटीतली एकुलती एक साडी काढली. नेसता येत नव्हती तर त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून माझ्या निऱ्या लावल्या, पिन मारली, केस विंचरून घट्ट वेणी घातली. अर्धा तास गेला. मग छत्री उचलून म्हणाल्या, "आता चल."

मी तेव्हा नुकतीच परभणीत आले होते. गंगाखेडकडच्या आमच्या गावाहून एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला. बाई त्याच शाळेत सत्तावीस वर्षांपासून हिंदी शिकवत होत्या. त्यांच्या तीन खोल्यांच्या घरातली पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. देवगाव फाट्यावरून आत एका खेड्यात त्यांचा धाकटा भाऊ शेती करायचा, तेवढंच जवळचं माणूस. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगा खडबडून जागा व्हावा.

आणि बाई नवं कापड घेत नसत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी एकही नवी साडी घेतली नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या कापडबाजाराच्या मागच्या बोळात एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात जायच्या आणि तिथून एक जुनी साडी किंवा लुगडं आणायच्या. एकच. दोन आवडली तरी एकच.

तो रविवार शनिवारपासूनच सुरू व्हायचा. मागच्या महिन्यात आणलेलं लुगडं तोवर तयार झालेलं असायचं. आधी ते तीन दिवस सावलीत नुसतं टांगून ठेवायचं. मग रिठ्याच्या पाण्यात धुवायचं. मग रफू. रफूसाठी बाई बाजारातला धागा वापरत नसत. त्याच लुगड्याच्या आतल्या टोकाचा एकेक धागा ओढून काढायच्या आणि त्यानंच भोक भरायच्या. संध्याकाळच्या उजेडात ओट्यावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दाताखाली सुई. नऊवारीचं कापून सहावार करणं त्यांना मान्य नव्हतं. लुगडं नऊवार असलं तर त्या काष्टा घालून नऊवारच नेसायच्या, मग तो शाळेचा दिवस असो.

रविवारी सकाळी न्हाणं, डोक्यावरून पाणी, केसांना खोबऱ्याचं तेल, खोपा. कपाळाला ओलं कुंकू. मग ते नवं जुनं लुगडं. आरशासमोर बाई फार वेळ उभ्या राहत नसत, पण निऱ्या मात्र तीन तीनदा सोडून पुन्हा घालायच्या. एरवी कुठंही पायी जाणारी बाई त्या दिवशी अख्खी रिक्षा करायची आणि मध्ये ताठ बसायची. टेकायची नाही. लुगड्याला सुरकुती पडू नये म्हणून.

हे सगळं कशासाठी ते मला त्या पहिल्या खेपेला दुकानात गेल्यावर कळलं. दुकान कसलं, एक लांबट बोळकांडी. पाटी नाही. दारावर एक जुनी काळी शेरवानी टांगलेली, तिच्या गुंड्या गेलेल्या. आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत गठ्ठे. खेड्यापाड्यांत भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बाया फिरतात, त्यांचा माल चाचांकडे यायचा. सुती साड्या वाकळा शिवणाऱ्या न्यायच्या. बॅन्डवाले कोट न्यायचे, शाळांच्या गॅदरिंगवाले फेटे न्यायचे. आणि जरीची लुगडी, शालू, पैठण्या दुसऱ्या आठवड्यात येणारा जरवाला तराजूवर तोलून न्यायचा. तो ती जाळायचा आणि राखेतून चांदी काढायचा. जरवाला यायच्या आत बाई यायच्या.

चाचांनी बाईंना बघितलं आणि ते गादीवरून उठून उभे राहिले. सत्तरीचा माणूस, गुडघे धरून. म्हणाले, "आव टीचर." आणि मग बघत राहिले. बाईंनी पदर थोडा पुढं घेतला, काठ दाखवला, कुठं रफू केलं ते बोटानं दाखवलं. चाचांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"ये वोच है? जो चूहे खाए थे?"

"तेच."

"सुभानअल्ला," ते म्हणाले आणि मला सांगायला लागले, "बेटी, मैं तो इसकू जरवाले के ढेर में डाल चुका था."

रिक्षात परत येताना मी बाईंना विचारलं, मागच्या महिन्याचं घालून दाखवायला का जायचं? त्या बाहेर बघत म्हणाल्या, "त्यानं मेलेलं दिलं होतं. आपण जितं केलं. ज्यानं दिलं त्याला दाखवाय नको?"

शाळेत बाईंच्या कपड्यांवर बोललं जायचं. मेलेल्या बायकांच्या साड्या नेसती, म्हणायचे. एका पालकानं म्हणे तक्रार केली, पोरीच्या अंगावर हात फिरवला तर पोरीला ताप आला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. मी बाजूच्या टेबलावर हजेरीपट भरत होते.

"बाई, लोक विचारायलेत. जरा साधं, नवं काहीतरी घालत जा ना."

"सर, तुमी कोणाच्या खुर्चीत बसायलाव?"

आधीचे मुख्याध्यापक त्याच खुर्चीत बसल्या जागी गेले होते. सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

"तुमाला काई झालं का? न्हाई झालं. चांगली सागवानी हाय. वापरा," असं म्हणून बाई तासाला निघून गेल्या. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पण मी एक गोष्ट केली होती, ती सांगायला पाहिजे. दुसऱ्या वर्षी एकदा स्टाफरूममध्ये सगळे बाईंची नक्कल करत होते आणि मला म्हणाले, तू तर घरातली, तू करून दाखव. मी केली. आरशासमोर निऱ्या सोडून पुन्हा घालण्याची, रिक्षात ताठ बसण्याची. लोक पोट धरून हसले. मीही हसले. मग मला दिसलं, बाई दारात उभ्या आहेत. त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, वरची वही सरळ केली आणि गेल्या.

घरी चहा नेहमीसारखा आला. पण पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं नाही. मी खिडकीतून बघितलं, त्या एकट्या रिक्षात बसून गेल्या. दिवसभर मला खोलीत बसवेना. संध्याकाळी त्या अंगणात आणलेल्या लुगड्याची घडी घालायला लागल्या. नऊ वार एकटीला झेपत नव्हतं. मी जाऊन समोर उभी राहिले. माफी मागायची होती. बाईंनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग दुसरं टोक माझ्याकडं टाकलं.

"धर. ओढून धर. ढिलं नको."

आम्ही दोघींनी घडी घातली. त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही.

शाळेतल्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न वालूरला होतं, तेव्हाची गोष्ट. बाई एक जांभळं इरकल लुगडं नेसून निघाल्या. त्याच्या पदराजवळ एक रफू होतं, हिरव्या धाग्याचं, लहानसं, आंब्याच्या पानासारखं. जांभळ्यावर हिरवं उठून दिसत होतं. मी विचारलं होतं, हे उसवून नीट का नाही करत? बाई म्हणाल्या होत्या, "ते आधीच्या बाईनं केलेलं हाय. तिच्याजवळ तेवढाच धागा असंल. राहू दे तिचं तिला."

दुपारी बायकांची पंगत बसली. आमच्या समोरच्या रांगेत साठीची एक बाई जेवता जेवता थांबली. तिची नजर बाईंच्या पदरावर खिळली होती. मग ती उष्ट्या हातानं उठली, पंगत ओलांडून आली आणि डाव्या हातानं बाईंचा पदर धरला. त्या हिरव्या पानावर बोट फिरवलं.

"हे कुठून आणलंव तुमी?"

"का हो?"

"हे माझ्या आईचं हाय." तिचा आवाज चिरकला. "हे पान माझ्या समोर घातलं तिनं. माझ्या झंपरचा उरलेला धागा होता. आई गेल्यावर मी पेटी बघितली तर लुगडं न्हवतं. भावजय म्हणली, आईसंगं सरणावर दिलं."

त्या बाईच्या जागेशेजारी आणखी एक बाई बसली होती, मान खाली घालून, पत्रावळीतला भात बोटानं गोळा करत. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला होता. भावजय कोणती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आजूबाजूच्या बायका घास हातात धरून वाट बघत होत्या.

बाईंनी एकवार तिच्याकडं बघितलं, एकवार त्या खाली घातलेल्या मानेकडं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आईनंच दिलं असंल कुणालातरी, जिती असताना. घरात सांगितलं नसंल. आयांचं असंच असतंय, पोरीला कळू न देता देतेत. तुमच्या वहिनीला तरी काय ठाऊक. तिला वाटलं सरणावर गेलं."

"खरंच?"

"मला ज्यानं दिलं, त्यानं असंच सांगितलं."

चाचांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. बाईंना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

मग त्या हात धुऊन त्या बाईला घेऊन घरात गेल्या. मी मागोमाग गेले. आतल्या खोलीत बाईंनी ते लुगडं सोडलं, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिलं. शिपाईमामांच्या बायकोनं आपली एक सुती साडी बाईंना नेसायला दिली. त्या बाईनं लुगडं नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं.

"तिचा वास न्हाई राहिला," ती म्हणाली.

"न्हाई. धुतलं मी. मला माफ करा."

ती रडायला लागली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. दारात भावजय येऊन उभी होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही.

परतीची गाडी देवगाव फाट्यावर बदलायची होती. आम्ही तिथं चहाच्या टपरीसमोर बाकड्यावर बसलो. बाई त्या उसन्या साडीत कशा लहान दिसत होत्या. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बाई, तुम्ही ते द्यायला नको होतं. किती मेहनत घेतली होती तुम्ही."

बाईंनी कप खाली ठेवला.

"आमी उसाला जायचो. तुला ठाऊक न्हाई. कुणालाच न्हाई."

मला खरंच ठाऊक नव्हतं. बाईंचं शुद्ध हिंदी, त्यांची ताठ चाल बघून कुणाला तसं वाटलंही नसतं.

"मी नऊ वर्षांची होते. दिवाळी झाली की सगळं घर ट्रकमधी. मायबाप ऊस तोडायचे, मी धाकट्याला सांभाळायचे. त्या साली मायला ताप आला. चार दिवस ताप अंगावर घेऊन तिनं मोळ्या बांधल्या. पाचव्या दिवशी उठलीच न्हाई. तिच्याजवळ दोन लुगडी होती. एक अंगावर होतं, त्यातच नेली. दुसरं आमी पाचटाच्या कोपीच्या दाराला बांधलं होतं, थंडीचं. मुक्काम हलायचा होता, ट्रक उभा होता, मुकादम वरडायलता. बापानं भांडी टाकली, आमाला टाकलं. ट्रक निघाल्यावर मी मागं वळून बघितलं, तर दाराला लुगडं तसंच राहिलं. वाऱ्यानं हलायलतं."

फाट्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत त्या थांबल्या.

"थांबवा म्हणायची ताकद न्हाई झाली मला. बाप रडायलता. धाकट्यानं मांडीवर झोप लावलती. वरडले असते तर थांबला असता ट्रक. न्हाई वरडले."

"मग तुम्ही ते शोधता का, बाई? चाचांच्या दुकानात?"

"येडी हायेस का तू. ते कवाच कुजलं असंल. मी काईच शोधत न्हाई." मग त्यांनी त्या उसन्या साडीचा पदर सारखा केला. "पण कुणाचं राहिलेलं असं टांगलेलं दिसलं की मला पुढं जाता येत न्हाई. एवढंच."

आमची गाडी आली.

सहा महिन्यांनी शिपाईमामांनी शाळेत बाईंच्या हातात एक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं दिलं. आत ते जांभळं इरकल होतं. धुतलेलं, घडी घातलेलं. वालूरच्या त्या बाईनं निरोप पाठवला होता. मामांनी जसा ऐकला तसा सांगितला, "एकदा नेसले. आरशात आईच दिसली. दुसऱ्यांदा धीर झाला न्हाई. माझ्या पेटीत ते अंधारात पडंल. तुमी नेसा. तुमच्या अंगावर असलं, तर आई कुठंतरी हिंडायलीय असं मला वाटंल."

बाईंनी घडी उलगडली. जुन्या हिरव्या पानाशेजारी एक नवं पान घातलेलं होतं. तितकंच, तसंच. दोघींनी घातलंय, मामा म्हणाले. धागा नणंदेनं आणला, सुई भावजयीनं धरली.

बाईंनी वर्गात जायला उशीर केला, असं तेवढ्या एका दिवशी झालं.

बाई गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. मी तोवर लग्न करून नांदेडला आले होते, बाई निवृत्त होऊन भावाच्या गावी राहायला गेल्या होत्या. त्यांच्या भावाचा सकाळी फोन आला, मी पोचले तेव्हा गावातल्या बायका त्यांना न्हाऊ घालून तयार करत होत्या. दोन कपाटं भरून लुगडी होती, एकापेक्षा एक. एक बाई त्यातली जांभळी पैठणी काढायला लागली, म्हणाली, एवढा शौक होता तर चांगलंच नेसवू. भावानं तिला थांबवलं. बाईंनी त्याला वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं. मला जाळताना नवं घाला. साधं सुती, दुकानातून त्याच दिवशी आणलेलं. जुन्याला एकदा जाळापासून वाचवलंय, परत जाळात घालायचं न्हाई.

भाऊ सेलूला जाऊन पांढऱ्या जमिनीची, निळ्या काठाची साडी घेऊन आला. तिची खळ अजून कडक होती. नेसवताना ती बाईंच्या अंगावर बसेना, फुगून राहायली. मी गुडघ्यावर बसून निऱ्या लावल्या. तीनदा सोडल्या, तीनदा घातल्या.

बाकीची लुगडी भावानं बाईंच्या सांगण्याप्रमाणे वाटली. जिला द्यायची तिनं नेसली पाहिजे, ही एकच अट होती. वालूरचं वालूरला गेलं.

बाईंबद्दल कुणी विचारलं, की मला त्यांचा शेवटचा दिवस आठवत नाही. आठवतो तो मी परभणीत असतानाचा एक रविवार.

त्या महिन्याची साडी फार अवघड होती. गर्द डाळिंबी रंगाचा रेशमी शालू, मधोमध वीतभर जळालेला. कुणाच्या घरी दिवा कलंडला असेल. चाचा तो द्यायलाच तयार नव्हते. "टीचर, इसमें जान नई है. इसकू रहने दो." बाईंनी हट्टानं आणला. दोन महिने त्याला लागले. मधला एक पहिला रविवार त्या दुसरी साडी नेसून गेल्या, तेव्हा चाचांनी विचारलं, "वो लाल वाली?" बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात." बाईंनी जळालेल्या जागेवर आतल्या टोकाचं कापड बसवलं, कडेनं धाग्याला धागा जोडला. शेवटी माझ्याही डोळ्यांना ती जागा सापडेना.

त्या सकाळी बाई तो शालू नेसल्या. मी त्यांना तितकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. रिक्षावाल्यानंही वळून बघितलं.

बोळात गेलो तर दुकान बंद होतं. दारावरची शेरवानी नव्हती. शेजारच्या बांगडीवाल्यानं आम्हाला बघितलं आणि खाली उतरला.

"टीचर, आपकू खबर नई मिली? चाचा बुधवार कू गुजर गए. नमाज पढके बैठे, बैठेच रह गए."

बाई बंद फळ्यांसमोर उभ्या राहिल्या. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांच्याकडं बघत होती. मी त्यांच्या कोपराला धरलं.

"बाई, घरी जाऊ. साडी बदलू. मग त्यांच्या घरी जाऊन येऊ."

"घर कुठं हाय त्यांचं?" त्यांनी बांगडीवाल्याला विचारलं.

"बाई, अशा कपड्यात दुखवट्याला..."

"मी बदलून जाणार न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. "त्यानं दोन महिने वाट बघितली ह्याची."

मला भीती वाटत होती. चाचांचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. बाहेरच्या ओसरीत पुरुष बसले होते, ते बाजूला झाले. आतल्या खोलीत दहाबारा बायका सतरंजीवर बसलेल्या, सगळ्यांच्या अंगावर फिकट कपडे, डोक्यावरून ओढण्या. बाई दारात आल्या तशी कुजबुज थांबली. त्या डाळिंबी रेशमाकडं, त्या जरीकडं सगळ्या बघायला लागल्या. एका तरुण सुनेच्या कपाळावर आठी पडली. माझी मान खाली गेली.

भिंतीशी चाची बसल्या होत्या. नवरा गेल्यावरच्या इद्दतीतली साधी पांढरी ओढणी, हातात तसबीची माळ. त्यांनी मान वर केली. डोळे बारीक करून बघितलं.

"तुम टीचर है ना?"

"हौ," बाई म्हणाल्या. "मला आज कळलं. माफ करा, मी अशीच आले."

चाचींनी हात हलवला, जवळ या म्हणून. बाई जाऊन त्यांच्यासमोर बसल्या. मग चाची म्हणाल्या, "मैं कभी दुकान पे नई गई. हमारे में नई जाते थे. लेकिन हर पहले इतवार कू आते और खाते वक्त बोलते, आज टीचर ये पहनके आए थे, आज वो पहनके आए थे. काठ कैसा, रंग कैसा, कहाँ टाँका मारे. पूरा बोलते. चालीस साल के निकाह में हमारे कपड़े का कभी नई बोले," आणि त्या किंचित हसल्या, "आपकेच बोलते थे. मैं सुनती थी."

बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"ये वो जली हुई है?" चाचींनी विचारलं. "लाल वाली?"

"हौ."

"बोलते थे, ये नई होगी टीचर से." चाचींनी तसबी मांडीवर ठेवली. "जरा खड़े रहो. देखने दो."

बाई उठल्या. एवढ्या बायकांच्या मध्ये, दुखवट्याच्या घरात, त्यांनी पदर दोन्ही हातांवर पसरला. दाराकडच्या उजेडात त्या सावकाश वळल्या, आधी समोरून, मग पाठमोऱ्या, मग परत समोर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते.

चाचींनी पुढं होऊन रेशमावर हात ठेवला. जळालेली जागा शोधत तो हात कमरेपासून गुडघ्यापर्यंत फिरला, पुन्हा वर आला. सापडली नाही.

"हौ," चाची म्हणाल्या. "अब उनकू बोलना मेरेकू पड़ेगा."